अंबडच्या शेडमध्ये स्वतःचा क्लाउड

आमची कंपनी नाशिकच्या अंबड एमआयडीसीत आहे. सीएनसी आणि प्रेस मशीनवरची माहिती गोळा करून सुपरवायझरला मोबाइलवर दाखवणारं सॉफ्टवेअर आम्ही बनवतो. ग्राहक बहुतेक अंबड, सातपूर, सिन्नर भागातले. कुणी गाड्यांचे सुटे भाग बनवतं, कुणी इलेक्ट्रिकल पॅनेल. प्रत्येकाच्या कारखान्यातली मांडणी वेगळी. एकाकडे जुनं विंडोज सर्व्हर, दुसऱ्याकडे उबंटू, तिसऱ्याकडे वर्षानुवर्षं कुणी हात न लावलेला डेटाबेस. म्हणून टेस्टिंगसाठी प्रत्येक ग्राहकाच्या व्यवस्थेची हुबेहूब नक्कल आम्हाला ऑफिसात उभी करावी लागते, म्हणजे ग्राहकागणिक तीन-चार व्हर्च्युअल मशीन. व्हर्च्युअल मशीन (व्हीएम) म्हणजे एका सर्व्हरच्या आत सॉफ्टवेअरने उभा केलेला स्वतंत्र संगणक.

मी इथे सिस्टीम अ‍ॅडमिन. ही मशीनं बनवून देणं माझं काम. सकाळी पाथर्डी फाट्याच्या सिग्नलला असते तोवर व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज येऊन पडलेला असायचा: "ताई, एक व्हीएम मिळेल का? आठ जीबीची. अर्जंट आहे." मी पोचणार, कुठल्या सर्व्हरवर जागा आहे ते शोधणार, बनवून देणार, तोवर टेस्टिंगची मंडळी हात बांधून बसलेली. त्यातच आधीच्या व्हर्च्युअलायझेशन सॉफ्टवेअरच्या लायसन्सचं नूतनीकरण आलं आणि आकडा बघून सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. बाहेरचा क्लाउड भाड्याने घ्यायचा विचार झाला, पण आमच्या काही ग्राहकांच्या करारात उत्पादनाचा डेटा आमच्या ऑफिसबाहेर न्यायचा नाही अशी अट आहे. मग उरलं एकच: आपल्याच शेडमध्ये आपला क्लाउड.

निवड करताना सगळ्यात आधी प्रॉक्समॉक्स हे व्हीएम चालवणारं मुक्त सॉफ्टवेअर बघितलं. ते फार चांगलं आहे आणि दोन-तीन माणसांच्या टीमला मी आजही तेच सांगेन. आमची अडचण वेगळी होती. अर्ध्याअधिक ग्राहकांच्या कारखान्यात १९२.१६८.१ याच पट्ट्यातले आयपी (नेटवर्कवरचे) पत्ते आहेत, आणि ते आमच्या सॉफ्टवेअरच्या कॉन्फिगरेशनमध्ये पक्के बसलेले. दोन ग्राहकांच्या नकला एकाच वेळी चालवायच्या तर तेच पत्ते असलेली दोन नेटवर्क शेजारी शेजारी, एकमेकांना न दिसता चालायला हवीत. शिवाय हे सगळं टेस्टिंगच्या माणसाने स्वतः, मला न विचारता उभं करता आलं पाहिजे आणि कुणी किती जागा घ्यायची यावर मर्यादाही पाहिजे. हे सगळं ओपनस्टॅक या स्वतःचा क्लाउड उभारायच्या मुक्त सॉफ्टवेअरमध्ये तयारच आहे. त्याच प्रकारच्या अपाची क्लाउडस्टॅकमध्येही जमलं असतं. ओपनस्टॅकबद्दलचं वाचन माझं जास्त होतं, एवढंच.

२०१० मध्ये नासा आणि रॅकस्पेस यांनी मिळून सुरू केलेला हा प्रकल्प. जिनिव्हाची सर्न ही संशोधन संस्था २०१३ पासून आपलं काम त्यावर चालवते. त्यामुळे सरांचा पहिला प्रश्न रास्तच होता: "अगं, ते मोठ्या लोकांचं काम. आपल्याकडे तू आणि नेटवर्क बघणारा तो एक मुलगा."

काही वर्षांपूर्वी विचारलं असतं तर मीही हेच म्हटलं असतं. ओपनस्टॅक म्हणजे एक सॉफ्टवेअर नव्हे, सुट्या सेवांचा मोठा गोतावळा आहे. कीस्टोन ओळख तपासतं, ग्लान्स इमेज (मशीन सुरू करायचे तयार साचे) सांभाळतं, नोव्हा मशीन चालवतं, न्यूट्रॉन नेटवर्क, सिंडर डिस्क, होरायझन म्हणजे ब्राउझरमधला डॅशबोर्ड. या सगळ्यांच्या मागे मारियाडीबी हा डेटाबेस आणि सेवांमधले निरोप पोचवणारं रॅबिटएमक्यू. पूर्वी हे सगळं एकाच ऑपरेटिंग सिस्टीमवर पॅकेज टाकून बसवायचं, मग एकाला पायथॉनची एक लायब्ररी हवी, दुसऱ्याला त्याच लायब्ररीची वेगळी आवृत्ती. कोला या उपप्रकल्पाने प्रत्येक सेवा आपापल्या कंटेनरमध्ये, म्हणजे तिला लागणाऱ्या लायब्ररींसकट एका डब्यात, बंद केली आणि कोला-अन्सिबल हे कंटेनर सर्व्हरवर नेऊन ठेवतं (अन्सिबल म्हणजे सर्व्हरवरची कामं आपोआप करणारं साधन). त्यामुळे दोन माणसांच्या टीमलाही हे झेपतं. मात्र कंटेनर फक्त बसवायचा त्रास वाचवतो. आतली प्रत्येक सेवा काय करते, कुणावर अवलंबून आहे, हे चालवणाऱ्याला माहीत असायलाच लागतं. ते शिकायची तयारी नसेल तर या वाटेला जाऊ नये, असं मला मनापासून वाटतं.

हार्डवेअरचं फार सांगण्यासारखं नाही. तीन रिफर्बिश्ड सर्व्हर, प्रत्येकी १२८ जीबी रॅम, दोन-दोन एसएसडी, प्रत्येकात चार नेटवर्क पोर्ट. तिन्ही सर्व्हर कंट्रोलरही आणि कॉम्प्यूटही, म्हणजे क्लाउडचा कारभारही तेच बघतात आणि व्हीएमही तेच चालवतात. वर उबंटू २२.०४, आणि ओपनस्टॅकची २०२४.१ ही कॅराकल नावाची आवृत्ती.

खरा वेळ घेतला तो नेटवर्कने, आणि तिथे तो द्यावाच. ग्लोबल्स नावाच्या एका फाईलमध्ये सगळी सेटिंग लिहायची असते. त्यात एक कार्ड मॅनेजमेंटसाठी, एक टनेलसाठी (सर्व्हर-सर्व्हरमधल्या व्हीएमच्या वाहतुकीसाठी), आणि एक बाहेरच्या जगासाठी असं सांगायचं. हे बाहेरचं कार्ड नव्या माणसाला हमखास चकवतं, कारण त्याला आयपी पत्ता द्यायचाच नसतो. न्यूट्रॉन ते कार्ड उचलून ओपन व्हीस्विच या सॉफ्टवेअर स्विचच्या पुलाला जोडतं. त्यावर पत्ता असेल आणि आपण त्याच पत्त्यावरून लॉगिन केलेलं असेल, तर तिथल्या तिथे संपर्क तुटतो. म्हणून मॅनेजमेंट आणि बाहेरचं ही दोन कार्डं वेगळी ठेवावीत, पोर्टवर लेबलं चिकटवावीत. आम्ही केबलींना रंगच ठरवून दिले.

दुसरी गोष्ट म्हणजे तिन्ही कंट्रोलरच्या पुढे उभा राहणारा एक सामाईक पत्ता. कीपअलाइव्हडी तो एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर हलवतं, आणि आपली जोडी ओळखण्यासाठी त्याला एक क्रमांक लागतो. कोलामध्ये तो ठरलेला ५१ असतो. आमच्या ऑफिसात फायरवॉलची जोडीही याच पद्धतीने चालते. नेटवर्कच्या मुलाने सुरुवात करायच्या आधीच तिचं सेटिंग उघडून बघितलं, तर तिथेही ५१! आमचा क्रमांक तेव्हाच बदलला. तसंच पुढे गेलो असतो तर ऑफिसचं इंटरनेट आणि क्लाउड दोन्ही हेलकावे खात बसले असते, आणि कारण शोधता शोधता नाकी नऊ आले असते. ऑफिसच्या राउटरची डीएचसीपी रेंजही (आपोआप वाटायच्या पत्त्यांचा पट्टा) आधीच कमी करून घेतली, म्हणजे व्हीएमना बाहेरून पोचण्यासाठी देण्याचे फ्लोटिंग पत्ते कुणाच्या लॅपटॉपला जायला नकोत.

पासवर्ड हाताने लिहायचे नाहीत. त्यासाठीची आज्ञा सगळ्या सेवांचे लांबलचक पासवर्ड स्वतःच तयार करून एका फाईलमध्ये भरते. ती फाईल म्हणजे घराच्या सगळ्या किल्ल्यांचा जुडगा. अन्सिबल व्हॉल्टने कुलूपबंद करून तिची प्रत सर्व्हरबाहेर ठेवावी.

मग सर्व्हर तयार करून घेणं, आणि त्यानंतर प्रीचेक. ही पायरी घाईत उरकू नये. वेळ जुळलेली आहे का, तो सामाईक पत्ता आधीच कुणी वापरत तर नाही ना, पोर्ट मोकळे आहेत का, असं बरंच ती तपासते. आमच्याकडे ती अडली रॅबिटएमक्यूपाशी. उबंटू बसवताना सर्व्हरच्या स्वतःच्या नावापुढे १२७.०.१.१ हा पत्ता होस्ट्स फाईलमध्ये लिहून ठेवतं. रॅबिटएमक्यूला मात्र ते नाव खऱ्या मॅनेजमेंट पत्त्याकडे जायला हवं, नाहीतर तिन्ही नोड (म्हणजे सर्व्हर) एकमेकांना सापडत नाहीत. ती ओळ काढली आणि प्रीचेक पार पडली.

कंटेनरच्या इमेज क्वे या रजिस्ट्रीवरून, म्हणजे इंटरनेटवरच्या साठ्यावरून, उतरतात, आणि त्या सगळ्या मिळून कित्येक जीबी होतात. तिन्ही सर्व्हरनी वेगवेगळ्या ओढल्या तर ऑफिसचं इंटरनेट दिवसभर रडत बसणार. म्हणून एका जुन्या पीसीवर स्थानिक रजिस्ट्री उभी केली, रात्री सगळ्या इमेज तिथे आणून ठेवल्या आणि कोलाला तिचा पत्ता दिला. पुढे कुठला सर्व्हर नव्याने बसवायचा झाला तरी बाहेर जायला नको.

डिप्लॉयची आज्ञा दिली की स्क्रीनवर अन्सिबलच्या ओळी सरकू लागतात. हिरवी, पिवळी, निळसर, प्रत्येक कामापुढे सर्व्हरचं नाव. शेवटी तिन्ही सर्व्हरची बेरीज येते आणि नजर आपोआप ‘फेल्ड’च्या रकान्यात जाते. तिथे तिन्ही ओळींत शून्य दिसलं आणि नेटवर्कच्या मुलाने खुर्चीतून उठून टाळी दिली. कंटेनर चालवणाऱ्या डॉकरची यादी काढली तर स्क्रीनभर कंटेनर: कीस्टोन, ग्लान्स एपीआय, नोव्हा कॉम्प्यूट, नोव्हा लिबव्हर्ट, न्यूट्रॉन सर्व्हर, एचएप्रॉक्सी, मेमकॅश्डी, फ्लुएंटडी. बहुतेकांपुढे ‘हेल्दी’. पुस्तकात वेगवेगळ्या प्रकरणांत वाचलेली नावं एका पडद्यावर, आपल्याच सर्व्हरवर चालू बघताना मला फार आनंद झाला.

सरांचा दुसरा प्रश्न तोवर तयार होता. "उद्या तू रजेवर असताना हे बंद पडलं तर?" म्हणून प्रत्यक्ष वापर सुरू करायच्या आधी आम्ही एक गोष्ट मुद्दाम केली. ग्लोबल्स फाईल, सर्व्हरची यादी, आमचे स्वतःचे बदल हे सगळं बदलांची नोंद ठेवणाऱ्या गिटमध्ये ठेवलं, मराठीत टिपण लिहिलं, आणि नेटवर्कच्या मुलाला सांगितलं की सगळं पाडून टाक आणि या टिपणावरून पुन्हा उभं कर. मी पलीकडच्या खोलीत बसते, मला विचारायचं नाही. पाडून टाकायची आज्ञा देताना आपल्याला खरोखर, अगदी खरोखर हेच करायचं आहे असं सगळं टाइप करून द्यावं लागतं, तेव्हा चुकून होण्याची भीती नाही. त्याने उभं केलं. जिथे तो अडला तिथे टिपणात ओळी वाढल्या. नवीन क्लाउड बसवणाऱ्या प्रत्येकाला मी हे करायला सांगते, कारण रिकामा क्लाउड पाडून परत बांधायची मुभा पुढे कधीच मिळत नाही.

पहिली व्हीएम सिरॉसची, म्हणजे चाचणीसाठीच बनवलेल्या इवल्याशा लिनक्सची. ती चालली, पत्ता मिळाला, बाहेर पिंग गेलं. विंडोजच्या इमेजला जास्त कष्ट पडले. व्हर्च्युअल डिस्क ओळखणारे व्हर्टआयओचे ड्रायव्हर आधी घालावे लागतात, नाहीतर डिस्कच दिसत नाही. मग प्रत्येक ग्राहकासाठी एक प्रोजेक्ट, त्याला रॅम आणि कोअरची मर्यादा, आणि आत त्या कारखान्याचं तेच जुनं १९२.१६८.१ चं नेटवर्क. दोन ग्राहकांच्या नकला एकाच पत्त्यांवर शेजारी शेजारी चालल्या, कुणाला कुणाचा पत्ता नाही.

तरी एक चमत्कारिक तक्रार आली. टेस्टिंगच्या ताई म्हणाल्या, "लॉगिनचं पान येतंय, पण रिपोर्ट डाउनलोडला टाकला की लटकतो." पिंग व्यवस्थित. छोट्या गोष्टी चालतात, मोठ्या अडकतात, म्हणजे संशय पॅकेटच्या आकारावर. अशी वेगळी नेटवर्क चालवायला न्यूट्रॉन प्रत्येक पॅकेट व्हीएक्सलॅनच्या पाकिटात घालतं, आणि त्या पाकिटालाच ५० बाइट लागतात. त्यामुळे आतल्या नेटवर्कला १५०० ऐवजी १४५० बाइटचीच मोकळीक उरते. न्यूट्रॉन हा आकडा डीएचसीपीवरून व्हीएमला कळवतंही. पण ग्राहकाच्या नकलेत पत्ते हाताने घातलेले, डीएचसीपी विचारतंय कोण! त्या मशीनला वाटत होतं १५०० चालतात. उपाय म्हणून टनेलच्या कार्डांवर आणि स्विचवर जंबो फ्रेम (जास्त मोठी पॅकेट) चालू केल्या, न्यूट्रॉनला तसं कळवलं, आणि आतल्या नेटवर्कला पूर्ण १५०० मिळाले. ग्राहकाच्या मशीनला हात न लावता प्रश्न सुटला, आणि नक्कल हुबेहूब राहिली हे महत्त्वाचं.

आणखी एक सेटिंग सुरुवातीलाच बदलावं. कंट्रोलर आणि कॉम्प्यूट एकाच सर्व्हरवर असतील तर डेटाबेस, रॅबिटएमक्यू आणि बाकी कंटेनरच बरीच मेमरी खातात. नोव्हा मात्र मूळ सेटिंगनुसार होस्टसाठी, म्हणजे खुद्द सर्व्हरसाठी, जेमतेम ५१२ एमबी राखून ठेवतं आणि उरलेली सगळी व्हीएमना वाटायला काढतं. आम्ही हा आकडा भरपूर वाढवला. कोलामध्ये अशा बदलांसाठी वेगळ्या फोल्डरात आपल्यापुरत्या दोन ओळी लिहिल्या की पुरतं. मूळ फाईलला हात लावायचा नाही, त्या दोन ओळी तिथे आपोआप मिसळतात.

खरी परीक्षा आषाढातल्या पावसात झाली. रात्री वीज गेली, जनरेटरने भार घेतला नाही आणि यूपीएसची बॅटरी संपल्यावर तिन्ही सर्व्हर एकदमच बंद पडले. सकाळी वीज आली, सर्व्हर उठले, कंटेनरही आपोआप उठले, पण होरायझन लॉगिन घेईना. डॉकरच्या यादीत मारियाडीबीपुढे ‘रिस्टार्टिंग’, आणि ते तिन्ही सर्व्हरवर.

मी लॉग उघडला. त्यात स्पष्ट लिहिलं होतं की या नोडवरून क्लस्टर उभा करणं कदाचित सुरक्षित नाही. मारियाडीबीचा हा गॅलेरा क्लस्टर तिन्ही सर्व्हरवर एकच डेटा ठेवतो. रीतसर बंद केला तर सगळ्यात शेवटी बाहेर पडलेला नोड ‘मी शेवटचा, माझ्यापासून सुरुवात करा’ अशी खूण एका छोट्या फाईलमध्ये ठेवून जातो. वीज गेल्यावर तिघंही एकाच क्षणी पडले, शेवटचा कुणीच नाही. ती फाईल बघितली तर सुरक्षिततेच्या खुणेपुढे तिन्हीकडे शून्य, आणि शेवटच्या व्यवहाराच्या क्रमांकाच्या जागी उणे एक. आपल्याकडचा डेटा सगळ्यात ताजा असल्याची खात्री कुणालाच नाही, म्हणून कुणीच पुढे व्हायला तयार नव्हतं. डेटाबेसचं हे थांबणं अगदी योग्य आहे. शिळ्या प्रतीवरून सुरुवात झाली असती तर ताजी नोंद पुसली गेली असती.

अशा वेळी एखाद्या फाईलमधलं शून्य खोडून एक लिहावं असा मोह होतो. इंटरनेटवर तसे सल्लेही भरपूर. ते करू नये. कोला-अन्सिबलमध्ये मारियाडीबी सावरायची स्वतंत्र आज्ञाच आहे. ती प्रत्येक नोडच्या लॉगमधून शेवटचा व्यवहार खरोखर कितवा हे काढते, सगळ्यात पुढे असलेला नोड निवडते, त्यापासून क्लस्टर उभा करते आणि बाकीचे दोघे त्याच्याकडून डेटा घेऊन सामील होतात. आम्ही ती चालवली. डेटाबेस उठला, त्याच्यामागोमाग कीस्टोन, मग बाकीचे. रॅबिटएमक्यूचे तिन्ही नोड एकमेकांना दिसतात का ते बघितलं, दिसत होते. मग व्हीएमची यादी काढली तर सगळ्यांपुढे ‘शटऑफ’. डेटा शाबूत, मशीन फक्त बंद. होस्ट परत चालू झाल्यावर आधी चालू असलेल्या व्हीएम आपोआप चालू कराव्यात असा नोव्हामध्ये एक पर्याय आहे. तो आता आम्ही चालू ठेवलाय.

त्यानंतर दोन गोष्टी बसवल्या. यूपीएसची बॅटरी एका पातळीखाली गेली की आधी व्हीएम, मग सर्व्हर एकामागून एक रीतसर बंद करायची व्यवस्था, नट या मुक्त सॉफ्टवेअरच्या मदतीने. आणि रोज रात्री कोलाच्याच आज्ञेने डेटाबेसचा बॅकअप, तोही दुसऱ्या इमारतीतल्या डिस्कवर. हा बॅकअप क्लाउडच्या वहीखात्याचा. व्हीएमच्या आतल्या डेटाचा बॅकअप वेगळा घ्यावाच लागतो.

देखरेखीला आकडे गोळा करणारं प्रोमिथियस आणि आलेख काढणारं ग्राफाना, दोन्ही कोलामधूनच चालू होतात. आलेख ढीगभर दिसतात, पण रोज मी बघते ते थोडेच. गोदावरीला पूर आला की नाशिककर क्युसेक विचारत नाही, गोदाघाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवर कुठवर पाणी आलं ते विचारतो. तसे आमचे मारुती ठरलेत: डॉकरच्या डिस्कवर उरलेली जागा, रॅबिटएमक्यूमध्ये तुंबलेले मेसेज आणि डेटाबेस क्लस्टरमध्ये तिघंही हजर आहेत का.

माणसांच्या बाजूने मात्र सगळं पहिल्या आठवड्यात बदललं. टेस्टिंगच्या ताईंना होरायझन दाखवलं, तेव्हा त्या म्हणाल्या, "म्हणजे मी तुला विचारायचंच नाही?" आता त्या सकाळी नक्कल उभी करतात, सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती तिच्यावर तपासतात आणि संध्याकाळी पाडून टाकतात. पूर्वी व्हीएम मिळायला उशीर लागतो म्हणून प्रत्येक जण मिळालेली व्हीएम जपून ठेवायचा, आणि निम्मी मेमरी त्यातच अडकलेली असायची. एका जुन्या ग्राहकाकडचा दोष त्याच्या हुबेहूब नकलेवर पुन्हा घडवून दाखवता आला, तेव्हा सरांनी क्लाउडच्या खर्चाबद्दल पुन्हा विचारलं नाही. विसरलेल्या व्हीएम अजूनही साठतात. म्हणून नावात ग्राहक, माणूस आणि तारीख हवीच असा नियम केलाय, आणि महिनाअखेरीस यादी सगळ्यांना जाते.

पुढचं मोठं काम अपग्रेड. ओपनस्टॅकची नवी आवृत्ती दर सहा महिन्यांनी येते, पण वर्षातल्या पहिल्या आवृत्तीवरून पुढच्या वर्षीच्या पहिल्या आवृत्तीवर, मधली गाळून, थेट जाता येतं. म्हणूनच आम्ही २०२४.१ वर सुरुवात केली होती. आता २०२५.१ वर जायचंय. दिवाळीत अंबडचे कारखाने बंद असतात, ग्राहकांचे फोन नसतात, तेव्हा लक्ष्मीपूजनानंतरचे दिवस त्यासाठी राखून ठेवलेत. त्याआधी जुन्या दोन पीसींवर छोटा क्लाउड उभा करून सगळी पावलं एकदा करून बघणार आहोत. टिपण या वेळी नेटवर्कचा मुलगा लिहितोय, आणि त्यावरून अपग्रेड मी करून बघणार आहे.